उंची वीतभर, वय दोन हजार!

शेताच्या बांधावर नाहीतर मैदानाच्या कडेला लव्हाळा उगवलेला असतो बघा. त्याचा फुलोऱ्याचा दांडा खुडा आणि अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत धरून फिरवा. सरळ फिरतच नाही! बोटांना तीन कडा लागतात, कारण दांडा तिधारी असतो. आता हरळीची काडी फिरवून बघा, ती गरागरा फिरेल. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण त्याचं कूळच वेगळं.

याच कुळातला एक भाऊबंद पार युरोपात, आल्प्स पर्वतात राहतो. नाव आहे कॅरेक्स कर्व्हुला. दोन हजार मीटरच्याही वर, जिथे झाडं हात टेकतात, तिथल्या कुरणांवर याचं राज्य. वर्षातले कितीतरी महिने स्वारी बर्फाखाली गुडूप! वाढायला मिळतात ते उन्हाळ्याचे दोन-तीन महिने.

बरं, ध्यान तरी कसं? वीतभर उंची, दोऱ्यासारखी पानं आणि प्रत्येक पानाचं टोक वाळून तपकिरी झालेलं, वर वाकडंही. रोग पडलाय की काय, असं वाटतं. पडलेलाच असतो! एक बुरशी ही टोकं खाते. पण याला फिकीर नाही. पान वाढतं बुडाकडून. टोकाला बुरशीची मेजवानी चालू असते आणि खालून पान आपलं पुढे सरकतच असतं.

पण खरी गंमत जमिनीखाली आहे. तिथे याचं आडवं खोड असतं. ते किती वाढतं? वर्षाला ०.४ मिलिमीटर! पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर कापायलाच त्याला अडीच वर्षं लागतात. तुम्ही चौथीत गेलात तरी तुमच्या जन्मापासून ते चार मिलिमीटरसुद्धा सरकलेलं नसतं.

स्टाइंगर, कर्नर आणि श्मिड या तीन शास्त्रज्ञांनी आल्प्समधल्या दोन मीटर लांबीच्या एका पट्ट्यातले, अशा खोडांतून वर आलेले ११६ फुटवे घेतले आणि त्यांचा डीएनए तपासला. निम्म्याहून जास्त फुटव्यांचा डीएनए सारखाच निघाला! म्हणजे ती वेगवेगळी रोपं नव्हतीच. एकाच बीपासून पसरत गेलेली ती एकच वनस्पती होती, न तपासलेले फुटवेही धरले तर ७,००० हून जास्त फुटव्यांची. आता एवढं पसरायला ०.४ मिलिमीटरच्या चालीनं किती काळ लागेल? उत्तर आलं, सुमारे २,००० वर्षं! हे संशोधन १९९६ साली प्रसिद्ध झालं.

त्या बीला कोंब फुटला तेव्हा आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं.

कुणी म्हणेल, ही तर चीटिंग! जुने फुटवे मरतात, नवे येतात, मग दोन हजार वर्षांचं आहे तरी काय? शंका रास्त आहे. पण तुमच्या अंगावरची कातडीही सारखी बदलतेच की, तरी वाढदिवस तुमचाच असतो. मी तर या म्हाताऱ्याला पूर्ण गुण देईन.

आता एक गणित तुमच्यासाठी. आल्प्समध्ये चालणाऱ्यांच्या बुटांनी एका कुरणात ३० सेंटिमीटर रुंदीची पायवाट पडली आणि तिथलं सगळं हिरवं उखडलं. नंतर वाट बंद केली. दोन्ही बाजूंनी आपला कॅरेक्स फक्त खोडाच्या चालीनं सरकू लागला, तर वाट बुजायला किती वर्षं लागतील?

३७५. पडताळून बघा.