मुंबई बंदरातील नौकासुरक्षा

मुंबई बंदरातील नौकासुरक्षा म्हणजे मुंबई बेट आणि कोकणचा किनारा यांच्यामधील खाडीत चालणाऱ्या प्रवासी बोटी, मासेमारी नौका व मोठी जहाजे यांच्यातील अपघात टाळण्यासाठी पाळावयाचे नियम आणि घ्यावयाची दक्षता होय. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांकडे जाणारी जहाजे, नौदलाच्या नौका, ससून गोदीतील मच्छीमार बोटी तसेच घारापुरी, मांडवा, रेवस व मोरा येथे जाणाऱ्या प्रवासी बोटी हेच पाणी वापरतात.

प्रमुख दुर्घटना

* १७ जुलै १९४७: भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट ऐन पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले.
* ७ ऑगस्ट २०१०: ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या मालवाहू जहाजांची टक्कर झाली. तेलगळती होऊन व कंटेनर पाण्यात पडून जलवाहतूक काही दिवस ठप्प झाली.
* १८ डिसेंबर २०२४: इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीवर आदळली. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. ‘नीलकमल’ला ८४ प्रवासी व ६ कर्मचारी नेण्याची परवानगी होती; प्रत्यक्षात तीवर शंभराहून अधिक लोक होते.

धोक्याची कारणे

मोठ्या जहाजाला चटकन थांबता किंवा वळता येत नाही. पुरेशी खोली केवळ जलमार्गातच असल्याने ते मार्ग सोडूही शकत नाही. शिवाय त्याच्या नाकाडासमोरील पाण्याचा बराच भाग सुकाणूघरातून दिसत नाही, त्यामुळे समोरून आडवी जाणारी छोटी होडी नजरेस पडेलच असे नाही. छोट्या बोटीत प्रवासी एका बाजूस गोळा झाले की तोल बिघडतो. त्यात भार अधिक असल्यास बोट कलंडण्याचा धोका वाढतो.

वाहतुकीचे नियम

सागरी टकरी टाळण्याविषयीच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार समोरासमोर येणाऱ्या यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळावे. मार्ग छेदताना दुसरी नौका जिच्या उजव्या बाजूस असेल, तिने वाट द्यावी. अरुंद जलमार्गात २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेने त्या मार्गाबाहेर जाऊ न शकणाऱ्या जहाजास अडथळा करू नये. भोंग्याचा एक लघुनाद म्हणजे उजवीकडे व दोन म्हणजे डावीकडे वळण; पाच किंवा अधिक लघुनाद दुसऱ्या नौकेच्या हेतूविषयी शंका दर्शवितात.

प्रवाशांची दक्षता

लाइफ जॅकेट बोटीत असणे पुरेसे नसते. टक्कर झाल्यावर ते शोधून, बंद आवळून घालण्यास अवधी मिळत नाही. म्हणून बोट सुटण्यापूर्वीच ते घालावे. २०२४च्या दुर्घटनेनंतर गेटवे ऑफ इंडिया येथून सुटणाऱ्या बोटींत ते सक्तीचे करण्यात आले. मुलांसाठी त्यांच्या मापाचे जॅकेट मागून घ्यावे. गर्दीने भरलेल्या बोटीत चढू नये, छायाचित्रांसाठी सर्वांनी एकाच कठड्याशी जमू नये आणि बोट धक्क्याला बांधली जाईपर्यंत जागा सोडू नये. समुद्रातील आणीबाणीत भारतीय तटरक्षक दलाशी १५५४ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.