आठवड्याचा वाद

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो, असे पंचाचे घड्याळ सांगते. बंगळूरच्या रसिकांचे घड्याळ मात्र निराळे आहे. कब्बन उद्यानाजवळच्या कंठीरवा क्रीडागारातील दिवे मालवले, प्रेक्षक कस्तुरबा रस्त्यावर आले, की तोच सामना पुन्हा आरंभतो, आणि तो पुढचे सहा दिवस चालतो. पहिल्या रात्री नुसते उद्गार असतात. दुसऱ्या दिवशी कारणे शोधली जातात. कचेरी उघडली की चहाच्या पेल्याभोवती पक्ष पडतात. बदली खेळाडू उशिरा का आणला, बचावफळी इतकी पुढे का उभी केली, अमक्याचे पाय आता थकले नाहीत काय, असा खल होतो. शुक्रवार उजाडेपर्यंत जुना विषय शिळा होऊन पुढच्या सामन्याची भाकिते सुरू झालेली असतात. कोल्हापूरच्या श्रोत्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. पाटाकडील आणि खंडोबा ह्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडले की पेठापेठांच्या कट्ट्यांवर आठवडाभर दुसरे काही बोलले जात नाही. भेद एवढाच की कोल्हापुरात ही निष्ठा वडिलार्जित आहे, आणि बंगळुरात ती एका व्यावसायिक संघाभोवती अवघ्या काही वर्षांत उभी राहिली आहे.

ह्या आठवडी वादाकडे रिकामटेकड्यांची करमणूक म्हणून पाहण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून केला जातो तो वाद, जिंकावे म्हणून केला जातो तो जल्प, आणि स्वतःची बाजू मुळीच न मांडता केवळ दुसऱ्याची पाडावी म्हणून जी केली जाते ती वितंडा. फुटबॉलच्या चर्चेत हे तिन्ही प्रकार एकाच टेबलाभोवती, पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून, ऐकावयास मिळतात. ते ओळखता आले तर खेळही अधिक समजतो.

फुटबॉल वादाला इतका सोयीचा का, ह्याचे उत्तर त्याच्या धावफलकात आहे. दीड तासाच्या खेळात एक किंवा दोन गोल होतात. कित्येकदा एकही होत नाही. त्यामुळे एका शिटीवर, एका फटक्यावर, गोलरक्षकाच्या एका चुकलेल्या पावलावर सामना फिरतो, आणि ते एक पाऊल आठवडाभर पुरते. क्रिकेटमध्ये पंचाची चूक पुढच्या शतकात बुडून जाऊ शकते. इथे ती भरून काढण्यास वेळही नसतो आणि गोलही नसतात.

बंगळूरला हा खेळ नवा नाही. मुंबईत १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकावर दीर्घकाळ गोऱ्या पलटणींचीच नावे कोरली जात होती. १९३७ साली तो चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगळूरचा होता: बंगलोर मुस्लिम्स. पुढच्या वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सविरुद्ध जो एकमेव गोल केला तो सारंगपाणी रामन ह्याचा, आणि तो म्हैसूर संस्थानचा. त्याच संघातील अहमद खान बंगळूरचाच. कलकत्त्यात ईस्ट बंगालच्या पाच आघाडीवीरांना लोक पंचपांडव म्हणत, त्यांतला तो एक. ऑस्टिन टाऊन, गौतमपुरा ह्या वस्त्यांतून असे खेळाडू निपजत आले. पण त्यांतले बरेच पोटापाण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज अशा कारखान्यांत किंवा लष्करी दलांत नोकरीस असत. सकाळी कामाचे टेबल आणि संध्याकाळी मैदान. अशा खेळाडूविषयी बोलताना टीकाकाराची जीभ जरा आवरलेली असे, कारण तो आपल्यासारखाच चाकरमान्या होता.

२०१३ साली बेंगळुरू एफ. सी. हा पूर्णपणे व्यावसायिक संघ स्थापन झाला आणि हा संकोच गेला. पहिला हंगाम अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल मैदानावर खेळून त्याने पहिल्याच प्रयत्नात आय-लीग जिंकली. २०१६ साली तो ए. एफ. सी. चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि दोह्यात इराकच्या हवाई दलाच्या संघाकडून एका गोलाने हरला. २०१८-१९ चा इंडियन सुपर लीगचा किताबही त्याने मिळविला. तिकिटाचे पैसे मोजणारा, निळा सदरा घालून पश्चिमेच्या सज्जात उभ्याने घोषणा देणारा प्रेक्षक आता खेळाडूवर आणि प्रशिक्षकावर हक्क सांगू लागला. वेतन घेतोस तर जाब दे, हा व्यावसायिक खेळातील वादाचा पाया आहे. तो काहीसा निष्ठुर आहे खरा. पण ह्या पायावरच खेळाचा धंदा उभा राहतो.

ह्या वादाची सगळी तऱ्हा एका प्रसंगात पाहावयास मिळते. ३ मार्च २०२३ रोजी कंठीरवावर बेंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्स ह्यांचा बाद फेरीचा सामना होता. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेच्या सहाव्या मिनिटास बेंगळुरूला गोलपेटीबाहेर फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू अजून भिंत रचीत होते, गोलरक्षक जागेवर आला नव्हता, तोच सुनील छेत्रीने चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन ह्यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच ह्यांनी आपला संघ मैदानाबाहेर बोलावून घेतला. तो परतलाच नाही, आणि काही वेळ थांबून सामना बेंगळुरूला बहाल करण्यात आला.

मग जे माजले ते माजले. बंगळुरात मल्याळी मंडळी थोडी नाहीत. एकाच कचेरीत, एकाच घरात दोन पक्ष झाले. ह्या गदारोळात मूळ प्रश्न कोणता, हे फार थोड्यांनी विचारले. नियम असा आहे: फ्री किक मिळालेला संघ चेंडू स्थिर ठेवून लगेच मारू शकतो, शिटीसाठी थांबण्याची त्याला सक्ती नाही. प्रतिपक्षाने ९.१५ मीटर दूर उभे राहावे हा मारणाऱ्याचा हक्क आहे, आणि आपला हक्क आपण सोडण्यास कोणाची आडकाठी असणार? मात्र पंचाने अंतर राखून देण्याचे काम एकदा हाती घेतले की मग शिटी वाजेपर्यंत चेंडूला पाय लावता येत नाही. म्हणजे नियमाविषयी दोन मते संभवतच नव्हती. पंचाने ते काम हाती घेतले होते की नव्हते, एवढीच वस्तुस्थिती ठरवावयाची होती. छेत्रीचे म्हणणे असे की आपल्याला शिटीही नको आणि भिंतही नको, हे आपण पंचाला आधीच सांगितले होते. केरळचे म्हणणे असे की इतका वेळ लोटल्यावर ती तात्काळ किक राहिलीच नाही. दोन्ही म्हणणी तपासून पाहण्याजोगी होती, आणि जी थोडी मंडळी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहून पंच कोठे उभा होता, त्याचा हात कोठे होता ह्याचा शोध घेत होती, ती वाद करीत होती. बाकीचा जल्प. आणि ‘छेत्रीसारख्या माणसाला हे शोभले नाही’ एवढेच म्हणून, मग काय शोभले असते हे न सांगणारे, ते वितंडेचे मानकरी.

केरळचा संघ बाहेर गेला हे योग्य की अयोग्य, हा प्रश्न पहिल्याहून स्वतंत्र आहे. गोल चुकीचा असला तरी मैदान सोडणे चूक ठरते; आणि मैदान सोडणे चूक म्हणून गोल आपोआप बरोबर ठरत नाही. हे दोन धागे सोडविण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने केरळची तक्रार फेटाळली, क्लबाला चार कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली. माझ्या मते पंचाचा निर्णय नियमात बसत होता. प्रतिस्पर्ध्याला संभ्रम पडेल अशी त्याची उभे राहण्याची जागा होती, हेही तितकेच खरे.

पुढे बेंगळुरूने मुंबई सिटीला पेनल्टी फटक्यांवर ९-८ असे हरविले आणि १८ मार्चला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, मोहन बागानशी अंतिम सामना खेळला. तो २-२ असा सुटून पेनल्टींवर गमावला गेला. त्या सामन्यातील पंचांच्या निर्णयांवर बेंगळुरूच्या बाजूने जो कोलाहल झाला तो ऐकण्यासारखा होता. पंधरा दिवसांपूर्वी ज्यांना पंचाचा शब्द वेदवाक्य होता, त्यांनाच आता पंचाला दृष्टिदोष असल्याची शंका येऊ लागली. पक्षपाताचा हा निर्लज्ज निरागसपणा मला मनापासून आवडतो.

न आवडणारी गोष्ट निराळी आहे. फ्री किकच्या दुसऱ्याच दिवशी, ४ मार्च २०२३ रोजी, सौदी अरेबियातील रियाध येथे कर्नाटकाच्या संघाने मेघालयाला ३-२ असे हरवून संतोष चषक जिंकला. म्हैसूर ह्या नावाने १९६८-६९ साली मिळविल्यानंतर चोपन्न वर्षांनी तो राज्यात परत आला. त्या संघात तारांकित नावे नव्हती. स्थानिक संघांतून खेळणारी पोरे होती. एखाद्या राज्याने अर्धशतकानंतर राष्ट्रीय किताब मिळवावा आणि त्याच्या राजधानीतले फुटबॉलप्रेमी भिंत आणि शिटी ह्यांविषयी भांडत राहावेत, असे त्या आठवड्यात झाले. ह्याचे कारणही वादाच्या स्वभावातच आहे. निर्विवाद विजयावर बोलण्याजोगे काही उरत नाही. ज्यावर भांडता येत नाही ते आठवडी चर्चेच्या जाळ्यातून निसटते, मग ते कितीही मोठे असो.

बास्केटबॉलचे दुर्दैव हेच आहे. कंठीरवाच्या आवारातच छपराखालचे क्रीडागार आहे. तेथे जुलै २०१७ मध्ये महिलांच्या आशिया चषकातील ‘ब’ गटाचा अंतिम सामना भारताने कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा जिंकला. दोन गुणांचा फरक! फुटबॉलमध्ये इतकी निसटती जीत झाली असती तर महिनाभर पुरली असती. पण टोपलीच्या खेळात दोन्ही बाजूंचे मिळून जवळजवळ दीडशे गुण झालेले असतात. शेवटच्या शिटीकडे कोणी बोट दाखविले, तर दुसरा आधीच्या चाळीस मिनिटांत हुकलेल्या वीस संधी दाखवितो. अमेरिकेत १९५४ साली चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत फेकलाच पाहिजे असा नियम झाला, आणि खेळाला गती आली. त्याबरोबर एकेका घटनेचे मोलही उतरले. म्हणून तिथली साप्ताहिक चर्चा प्रसंगाऐवजी आकड्यांवर चालते: कोणाचे शेकडा किती फटके बसतात, तो मैदानात असताना संघाचे काय होते, आजचा थोर की कालचा थोर. प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो, तेव्हा असे आकडे साचतात.

आपल्याकडे आकडे साचण्यास हंगामच नाही. २०१५ साली आठ शहरांच्या संघांची व्यावसायिक लीग निघाली; बेंगळुरू बीस्ट, मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज अशी भारदस्त नावे होती. काही आठवड्यांत उरकणारे हंगाम झाले आणि २०१७ नंतर ती थांबली. एखाद्या खेळाडूविषयी मत बनते न बनते तोच स्पर्धा संपलेली असे. भारताचे नेतृत्व केलेल्या पुण्याच्या शिरीन लिमये हिच्या खेळाविषयी पुण्यातल्या किती कट्ट्यांवर हुज्जत घातली गेली असेल? आपल्याकडील उत्तम महिला खेळाडूंचा आधार आजही प्रामुख्याने रेल्वेची नोकरी हाच आहे. खेळाच्या बळावर पगार मिळावयाचा तर प्रेक्षक हवा, आणि प्रेक्षक टिकावयाचा तर सोमवारी बोलण्यास विषय हवा. बंगळूरचे तरुण अमेरिकेतील सामने पहाटे उठून पाहतात आणि इंग्लंडच्या संघांसाठी शनिवारची संध्याकाळ राखून ठेवतात. त्यांचे ज्ञान दांडगे आहे. पण त्या संघांना त्यांचा जाब ऐकू जात नाही. कंठीरवावरच्या संघाला तो ऐकू जातो.

तोही २०२५ साली मुका झाला होता. महासंघ आणि लीग चालविणारी कंपनी ह्यांच्यातील पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपावयाचा होता. नवा होईना, म्हणून जुलैमध्ये लीग स्थगित झाली, आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफ. सी. ने आपल्या पहिल्या संघाचे व प्रशिक्षकवर्गाचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविले. एरवी शरदात सुरू होणारा हंगाम आलाच नाही. सामनाच नाही तर वाद कशावर करणार? पण रसिक गप्प बसले नाहीत. ऑफसाइडवर भांडणारे लोक व्यापारी हक्क, महासंघाची घटना आणि सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी ह्यांवर बोलू लागले, आणि त्यांतले काही ते विषय बऱ्यापैकी समजून बोलत होते. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून चौदा संघांची लीग सुरू होईल असे जाहीर केले. सामने ९१, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच गाठ. एरवी साखळीत बेंगळुरू आणि केरळ दोनदा भेटतात, एकदा कंठीरवावर आणि एकदा कोचीत. आता भेट एकच, तेव्हा ती कोणाच्या अंगणात व्हावी, आणि परक्या अंगणात हरलेल्याने फेड कोठे करावी, हे दोन्ही गावांना भांडण्यास पुरेसे होते.