बुडापेस्टमधल्या या युद्धस्मारकासमोर लोक आजी-आजोबांचे फोटो का ठेवून जातात?

युरोप टूरमध्ये बुडापेस्ट असेल, तर हंगेरीच्या संसद भवनासमोरचा फोटो ठरलेलाच. पण तिथून काही मिनिटं चाललं की लिबर्टी स्क्वेअर लागतो. इथलं एक स्मारक बघाच.

तुटके खांब, मधोमध देवदूत गॅब्रिएल आणि वरून झेपावणारा गरुड. देवदूत म्हणजे हंगेरी, गरुड म्हणजे नाझी जर्मनी. गरुडाच्या पायातल्या कड्यावर आकडा आहे, १९४४.

आता स्मारकाच्या पुढ्यात बघा. जुने फोटो, चपला-बूट, सुटकेस, चष्मे, दगड आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. ही सजावट नाही, हा निषेध आहे.

भानगड काय आहे?

१९ मार्च १९४४ ला जर्मन सैन्य हंगेरीत घुसलं. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत ४ लाख ३० हजारांहून जास्त ज्यूंना रेल्वेत कोंबून देशाबाहेर नेलं. बहुतेकांना थेट ऑशविट्झला.

२०१४ मध्ये व्हिक्टर ऑर्बान यांच्या सरकारने जर्मन कब्जाच्या बळींसाठी हे स्मारक उभारलं. सरकारचं म्हणणं, कब्जा झाल्यावर देशाचं सार्वभौमत्वच संपलं होतं आणि हे स्मारक सगळ्याच बळींचं आहे.

इतिहासकार आणि ज्यू संघटना म्हणाल्या, थांबा. हंगेरी त्याआधी जर्मनीचाच मित्रदेश होता. ज्यूंविरोधी कायदे संसदेने १९३८ पासूनच केले होते. आइकमनची तुकडी लहानशी होती. घराघरातून माणसं बाहेर काढून गाडीत बसवली ती प्रामुख्याने हंगेरीच्याच पोलिसांनी. आणि जुलैमध्ये राष्ट्रप्रमुख हॉर्ती यांनी आदेश दिल्यावर या गाड्या जवळपास थांबल्याही. म्हणजे थांबवणं हातात होतं! मग देश निष्पाप देवदूत कसा?

विरोध इतका वाढला की जुलै २०१४ मध्ये काम रात्रीत उरकण्यात आलं. अधिकृत उद्घाटन झालंच नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांनी आपल्या वस्तू आणून समोर मांडल्या आणि तेच दुसरं स्मारक झालं.

गेलात तर काय कराल?

तिकीट नाही, जागा उघडीच आहे. आधी समोरचे कागद वाचा, काही इंग्रजीतही आहेत. वस्तू हलवू नका, त्या कुणाच्यातरी घरच्या आहेत. मग वर बघा.

पुढे डॅन्यूब नदीच्या काठावर जा. तिथे लोखंडी बुटांचे ६० जोड आहेत. 'ॲरो क्रॉस' या हंगेरीच्याच फॅसिस्ट संघटनेने १९४४-४५ मध्ये ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घातल्या, त्यांची ही आठवण.

देशावर अन्याय झाला हे खरं. देशाने अन्याय केला हेही खरं. सरकारी स्मारक पहिलं वाक्य सांगतं. दुसरं सांगायला लोकांना घरातले फोटो आणावे लागले.