ताप, वजन आणि आवेश : घरच्या मराठीतून भौतिकशास्त्र

इंदूरमधल्या अनेक मराठी घरांत सहावी ते आठवीच्या मुलांचे विज्ञान हिंदीतून चालते. आजी-आजोबांशी बोलणे मराठीत, पुस्तक मात्र हिंदीत. ‘तुमच्या पुस्तकातले आम्हांला कळत नाही’ म्हणून घरची मंडळी बाजूला होतात आणि मराठी फक्त सणावारापुरती उरते. मी मराठी साहित्य शिकवतो. तरीही मला वाटते, की भौतिकशास्त्राच्या पहिल्या पायऱ्यांवर मुलांना सूत्रांपेक्षा शब्द जास्त अडवतात आणि तिथे घरची मराठी कामाला येते.

‘ताप’ हा शब्द घ्या. मराठी मुलाला ताप अंगात येतो. हिंदी पुस्तकातला ‘ताप’ म्हणजे तापमान आणि ‘ऊष्मा’ म्हणजे उष्णता. आता मुलाला विचारावे : कपभर कडकडीत पाण्याला जास्त उष्णता लागली, की अंघोळीच्या बादलीभर कोमट पाण्याला? एक लिटर पाण्याचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे 4,200 ज्यूल उष्णता लागते. कपातले 100 मिलिलिटर पाणी 25 अंशांवरून 75 अंशांवर न्यायला सुमारे 21,000 ज्यूल पुरतात. बादलीतले 15 लिटर पाणी 25 वरून केवळ 35 अंशांवर न्यायला सुमारे 6,30,000 ज्यूल, म्हणजे तीसपट उष्णता लागते. तापमान आणि उष्णता वेगळ्या, हे स्वयंपाकघरातच पटते. गॅस कशाला जास्त जळतो, हे आजीला आधीच ठाऊक असते.

‘वजन’ हा असाच फसवा शब्द. वाण्याकडे आपण एक किलो वजनाची साखर मागतो. भौतिकशास्त्रात एक किलो हे वस्तुमान. पृथ्वी त्या साखरेला ज्या बलाने ओढते ते तिचे वजन, सुमारे 9.8 न्यूटन. चंद्रावर तेच सुमारे 1.6 न्यूटन भरेल. साखर मात्र तेवढीच राहील. हिंदीत यांनाच ‘द्रव्यमान’ आणि ‘भार’ म्हणतात. एका कल्पनेची दोन नावे कळली, की मूल नाव पाठ करण्याऐवजी कल्पना धरू लागते.

‘आवेश’ आपल्याकडे वक्त्याला येतो. हिंदी पुस्तकात तो विद्युतप्रभार असतो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकचा कंगवा केसांवरून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ धरावा. कपटे उडून चिकटतात. नाव कोणतेही द्या, घडते तेच.

सगळेच शब्द असे वेगळे नाहीत. बल, वेग, त्वरण, घर्षण हे दोन्ही भाषांत सारखेच. महाराष्ट्राचे भाषा संचालनालय 1960 मध्ये आणि केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग 1961 मध्ये स्थापन झाला. परिभाषा घडवताना दोघांनीही संस्कृतचा मोठा आधार घेतला. म्हणून आपल्या मुलांना वेगळे समजावून घ्यावे लागणारे शब्द थोडेच उरतात.

पालकांनी क्रम एवढाच ठेवावा : आधी वस्तू हाताळू द्यावी, मग ती घरच्या शब्दांत सांगायला लावावी, शेवटी पुस्तकातला शब्द द्यावा. वहीत दोन्ही शब्द शेजारी लिहावेत. परीक्षेत उत्तर पुस्तकाच्याच शब्दांत लिहायचे. समजून घेताना मात्र आजोबांना विचारायला हरकत नाही. त्यांनाही त्या वहीत काही नवे सापडेल.