कुरुळे केस सरळ करण्याचा धंदा : नुकसान केसांचे किती, कारागिराचे किती?

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर मोशी मागे टाकली की चाकणच्या अलीकडे कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव लागते. चाकणची औद्योगिक वसाहत वाढली, तशी या पट्ट्यातील शेतीच्या गावांची रया बदलली. भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, कारखान्यांत काम करणारी तरुण मंडळी राहायला आली आणि त्यांच्यामागोमाग दुकाने आली. त्यात केशकर्तनालये व ब्यूटी पार्लर आलीच. पूर्वी पाटीवर दाढी, कटिंग आणि मालिश एवढेच असायचे. आता त्याखाली स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, रिबाँडिंग, केराटिन अशी नावे दिसतात. एका दिवसाच्या कटिंगची कमाई अशा एका गिऱ्हाइकाकडून होऊ शकते, म्हणून प्रत्येक दुकानदाराला हे काम हवेसे वाटते.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या व्यवसायात आहेत. त्यांना गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारते, "भाई, केस सारखे सरळ करून घेतले तर खराब होतात का?" खुर्चीवर बसलेले गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून "काही होत नाही" असे उत्तर बहुतेक वेळा दिले जाते. हे उत्तर खरे नाही. "केस सगळे गळून जातील" हेही खरे नाही. खरे उत्तर कारागिराला ठाऊक असले पाहिजे, कारण त्यावर त्याची पत आणि पुढे पाहू त्याप्रमाणे त्याची प्रकृतीही अवलंबून आहे.

केस कुरुळा का असतो?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. जखम भरून येते तसा तो भरून येत नाही. एकदा बिघडला की कापणे हाच उपाय. त्याच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले पापुद्रे असतात आणि आत केसाला बळ देणारा गाभा. सरळ केस आडवा कापून पाहिला तर साधारण गोल दिसतो, कुरुळा केस चपटा, अंडाकृती दिसतो. मुळातील तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. वळणावळणाच्या केसावरून ते उतरत नाही. त्यामुळे कुरुळा केस मुळातच कोरडा असतो आणि प्रत्येक वळणावर नाजूक असतो. म्हणजे ज्या केसाला आपण सर्वांत जास्त ताप देतो, तोच सोसायला सर्वांत कमी असतो.

केसाचा आकार आतील दोन प्रकारच्या जोडांनी टिकतो. एक जोड कच्चा, पाणी लागताच सुटणारा. दुसरा पक्का, गंधकाचा, जो फक्त रसायनानेच तुटतो. सरळ करण्याच्या सर्व पद्धती या दोहोंपैकी एकावर चालतात.

इस्त्रीची पद्धत

गरम मशीन फक्त कच्चे जोड सोडवते. सुती कुर्त्याला इस्त्री करावी तसा हा प्रकार आहे. पाणी लागले किंवा पावसाळी हवा आली की केस पुन्हा वळतो. सणाला, लग्नाला एखाद्या वेळी योग्य तापमानात केले तर विशेष बिघडत नाही. परंतु रोज केले तर पापुद्रे उचलले जातात, केस निस्तेज होतो, टोके फाटतात.

सर्वांत मोठी चूक ओलसर केसावर मशीन फिरवण्याची. पाणी १०० अंशाला उकळते आणि मशीन २०० अंशांच्या वर जाऊ शकते. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच तुटतो. मशीन लावताच चर्र असा आवाज आला तर केस अजून ओला आहे असे समजावे व थांबावे. केस पूर्ण कोरडा करावा, जाड केसाला १८० अंशांपर्यंत आणि बारीक किंवा रंगवलेल्या केसाला १५० अंशांच्या आसपास ठेवावे, आणि एकाच बटेवरून पाच-सहा वेळा मशीन फिरवण्याऐवजी एकदाच सावकाश फिरवावी. तापमानाचा आकडा न दाखवणारी स्वस्त मशीन घेऊ नये.

रसायनाची पद्धत

रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट जातीच्या रसायनाने पक्के जोड तोडतात, केस ओढून सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून जोड पुन्हा जुळवतात. सर्व जोड परत जुळत नाहीत, म्हणून केस पूर्वीपेक्षा दुबळाच राहतो. न्यूट्रलायझर घाईने धुतला तर आणखीच दुबळा राहतो. दुसरा प्रकार कॉस्टिक सोड्याच्या जातीच्या जहाल क्षाराचा. तो डोक्याच्या त्वचेला भाजू शकतो, आणि भाजल्याचा व्रण राहिला तर तेथे पुन्हा केस येत नाही. एका जातीचे रसायन लावलेल्या केसावर दुसऱ्या जातीचे लावले तर केस बटाबटांनी तुटतात. बाजारातील काही केशरंगांत व तथाकथित काळ्या मेंदीत धातूंचे क्षार असतात. त्यावर ही रसायने पडली तरी केस बिघडतो. म्हणून "यापूर्वी काय लावले होते?" हा पहिला प्रश्न हवा.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तीन-चार महिन्यांनी मुळाशी पुन्हा कुरळ दिसू लागते आणि गिऱ्हाईक परत येते. नुकसान खरे होते ते इथे. रसायन फक्त नव्या वाढीला लावायचे असते. घाईत ते पुन्हा टोकापर्यंत फासले जाते, आणि आधीच दुबळा झालेला केस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तोच मार खातो.

थोडक्यात, कधीमधी व काळजीपूर्वक केले तर केस सोसतो. वारंवार केले तर कुरुळ्या केसाचे नुकसान होतेच. मूळ शाबूत असेल तर नवा केस मात्र पुन्हा कुरुळा व निरोगीच येतो.

कारागिराच्या श्वासाचे काय?

गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीन वेळा येते. कारागीर रोज त्याच धुरात उभा असतो. 'केराटिन' या नावाने विकल्या जाणाऱ्या काही द्रावणांतून मशीनच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. प्लायवूडच्या कामात डोळे झोंबवणारा वास येतो, तो बहुधा याचाच. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या वायूला माणसात कर्करोग घडवणारा ठरवले. बाटलीवर 'फॉर्मल्डिहाइडमुक्त' लिहिलेल्या काही मालात ग्लायऑक्सिलिक आम्ल असते, तेही निर्धास्त नाही. इस्रायलमध्ये केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या २६ रुग्णांची नोंद २०२३ साली प्रसिद्ध झाली. २०२४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी अशाच एका तरुणीची हकिगत मांडली आणि उंदरांवरील प्रयोगातून या आम्लाकडे बोट दाखवले.

अमेरिकेत सुमारे ३३,५०० स्त्रियांची जवळजवळ ११ वर्षे पाहणी करून २०२२ साली निष्कर्ष जाहीर झाले. केस सरळ करणारी रसायने न वापरणाऱ्या स्त्रियांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघाले. रसायनानेच रोग झाला असे यावरून सिद्ध होत नाही, पण काळजी घेण्यास एवढे पुरेसे आहे.

महामार्गाची धूळ नको म्हणून काचेचे दार लावून दहा बाय बाराच्या गाळ्यात हे काम करणे म्हणजे स्वतःला कोंडून घेणे होय. एक्झॉस्ट पंखा, उघडी खिडकी आणि हातमोजे यांचा खर्च दवाखान्याच्या खर्चापुढे काहीच नाही. शिकाऊ मुलांनाही त्या धुरात तासन्‌तास उभे करू नये.

धंद्याच्या दृष्टीने

सुटा, बिनलेबलचा माल स्वस्त पडतो, परंतु काही बिघडले की जबाबदार धरायला कोणीच सापडत नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत असावी लागते. ते पाहून, पक्के बिल घेऊनच माल घ्यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील दोषाबद्दल भरपाई मागता येते. दिल्लीतील एका हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापल्याबद्दल २०२१ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २ कोटी रुपयांची भरपाई ठरवली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम पुराव्याअभावी रद्द करून प्रकरण परत पाठवले. यातून धडा एवढाच, की कागद दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो.

म्हणून एक साधी वही ठेवावी : गिऱ्हाइकाचे नाव, तारीख, पूर्वी काय लावले, आज काय लावले. काम सुरू करण्याआधी ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ओढावा. किंचित ताणून परत आला तर ठीक. रबरासारखा लांबला आणि परत आलाच नाही, किंवा तुटला, तर त्या दिवशी काम नाकारावे. मानेमागच्या एका बटेवर आधी चाचणी घ्यावी. रसायन त्वचेपासून थोडे दूर ठेवावे. डोक्यावर जखम असेल तर हात लावू नये.

आणि कुरुळ्या केसांची निगा हादेखील धंदाच आहे. योग्य कटिंग, तेल, कंडिशनर, रुंद दातांची फणी, ओल्या केसात गुंता सोडवणे हे ज्याला नीट जमते, त्याच्याकडे गिऱ्हाईक दर महिन्याला येते. केस जाळून घेतलेले गिऱ्हाईक एकदाच येते, आणि परत येत नाही एवढेच नव्हे, तर आपल्या कारखान्याच्या संपूर्ण पाळीला दुकानाचे नाव सांगते. "आज नको, केस सोसणार नाहीत" असे म्हणण्यात त्या दिवसाची कमाई जाते हे खरे. पण हुन्नर असलेल्या माणसाची ओळख अशा नकारातूनच पटते.