अंगणातील सीताफळाचे कलम

बालाघाटच्या डोंगररांगांतील बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. परंतु आपल्या जुन्या वाड्यातील गोड सीताफळ कोणत्याही रोपवाटिकेत मिळणार नाही. बीपासून वाढलेल्या रोपात मूळ झाडाचे गुण उतरतीलच असे नाही. म्हणून वाडा पाडण्यापूर्वी त्याचे कलम करून घ्यावे.

उन्हाळ्याच्या तोंडावर, डोळे फुगू लागताच, पेन्सिलीएवढ्या जाड खुंटरोपाचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर द्यावी. तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवावी. दोहोंच्या सालीखालील हिरवे थर एकमेकांस भिडले पाहिजेत. जोडावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधावी आणि खालची फूट खुडत राहावी.

वाड्याचे हिस्से होतात. कलमे मात्र प्रत्येक भावाच्या दारी लावता येतात.