भिजलेल्या बुटांची निगा

दिल्लीचा पाऊस मुंबईप्रमाणे चार महिने मुक्काम ठोकत नाही. परंतु येतो तेव्हा सारी कसर भरून काढतो. २८ जून २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सफदरजंग येथे २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिंटो पुलाखालचा रस्ता पाण्याखाली गेला. अशा दिवशी कार्यालयातून घरी परतणाऱ्याचे बूट कोरडे राहणे अशक्यच!

उद्याच्या काळजीने आपण ते हीटरसमोर किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवतो. ही चूक महागात पडते. ओले चामडे तीव्र उष्णतेने आकसते, कडक होते व त्यास भेगा पडतात; तळ चिकटवणारा पदार्थही सैल होतो. गाझियाबादेत नवखा असताना प्रस्तुत लेखकाने मुलाखतीच्या आदल्या रात्री हाच प्रयोग केला. सकाळी तळ सुटून हाती आला आणि शेजाऱ्यांच्या, एक नंबर मोठ्या बुटांतून मुलाखतीस जावे लागले. त्यातल्या त्यात नशीब, की नाडीने पेट घेतला नाही!

योग्य पद्धत साधी आहे. प्रथम ओल्या फडक्याने चिखल पुसावा. नाड्या व आतील सुटा तळ काढून वेगळे वाळवावेत. बुटात आधी कोरा व त्यावर वर्तमानपत्राचा कागद भरावा, म्हणजे शाईचे डाग पडणार नाहीत. कागद ओला होताच बदलावा. पावसाळी हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने बूट कपाटात कोंडू नयेत. आडवे करून पंख्याखाली ठेवावेत. वाहती हवा ओल वाहून नेते. चामड्यास एक-दोन दिवस लागतात. प्रखर उन्हाचाही मोह टाळावा. पूर्ण वाळल्यावरच पॉलिश करावे.

बुटांइतकीच पायांची काळजी घ्यावी. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात सांडपाणी व उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका संभवतो. म्हणून घरी येताच पाय साबणाने धुऊन बोटांमधील जागा कोरडी करावी. मधुमेही व्यक्तींनी पायांवरील लहानशी जखमही दुर्लक्षू नये. ओल्या हातांनी पंख्याच्या बटणास स्पर्श करू नये, हे वेगळे सांगणे नकोच.

पायाची वहाण पायीच बरी, असे म्हणतात. परंतु ती पायी टिकावी, यासाठी एका रात्रीचा धीर धरणे हीदेखील बचतच होय.